कामाचं वाक्य

७ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे मी ठीक, घर ठीक, नळाला पाणी वेळेवर. तुम्ही तिघंही बरी आहात असं धरून चालते. तुझा गुडघा कसा आहे? अण्णांचे डोळ्यांचे थेंब संपत आले असतील, भावोजींना आणायला सांग. हे मी शिकवत नाहीये, फक्त आठवण करतेय. फरक असतो.

पत्र बघून तू कपाळाला हात लावला असशील. घरात फोन असताना ही बाई पत्र का लिहिते? तर माझ्या फोनचं सध्या जरा अवघड झालंय. मेसेज पाठवावा तर तुझ्या मोबाइलला एक हिरवं बटण आणि एक लाल, बाकी सगळं शोभेचं, हे तूच सांगितलेलं. भावोजींच्या मोबाइलवर पाठवला तर ते आधी स्वतः वाचणार, मग तुला त्याचा सारांश सांगणार, आणि त्यांच्या सारांशात नेहमी मीच चुकलेली असते. म्हणून पोस्ट.

त्या रविवारी आपलं बोलणं अर्ध्यावर राहिलं. भावोजींनी कळवलं की मी फोन आपटला म्हणून तू गप्प गप्प आहेस. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. तू जे म्हणालीस ते मात्र मी शेवटपर्यंत ऐकलं होतं. "दर रविवारी फोन करतेस आणि मला सल्ले देतेस. अण्णांना काय खायला घाल, किती फिरव, खिडकी कुठली उघड. एकदा येऊन आठ दिवस राहा, सगळं कर, आणि मग मला शिकव." यात खोटं काहीच नाही. शिकवायची सवय लागली की माणूस घरी आल्यावर चप्पल काढतो, पण ती सवय काढत नाही.

आता कॉलेजची बातमी. यंदा मला कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला व्यावहारिक इंग्रजी दिलंय. म्हणजे अर्ज, तक्रार, ई-मेल, चौकशीचं पत्र, नोकरीसाठी दोन ओळी. ही मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकतायत. कवितेचं रसग्रहण विचारलं तर दोन पानं भराभर उतरवतील. पण 'माझ्या गुणपत्रिकेत चूक झाली आहे, ती दुरुस्त करून द्या' एवढं ऑफिसला लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. गाइडात नाही ना ते.

म्हणून मी एक प्रयोग सुरू केलाय. पहिल्या तासाला फळ्यावर इंग्रजीत लिहिलं की आजपासून या वर्गात कुणीही बोलणार नाही, मीसुद्धा नाही. ज्याला जे हवं ते त्याने इंग्रजीत चिठ्ठीवर लिहावं आणि टेबलावर आणून ठेवावं. वर्गात आनंदीआनंद. त्यांना वाटलं, फुकटचा तास मिळाला.

थोड्या वेळाने पहिली चिठ्ठी आली. मागच्या बाकावरच्या एका उंच मुलाला पाणी प्यायला जायचं होतं. त्याने गाइडातला अर्जाचा नमुना जसाच्या तसा उतरवला होता. मराठीत सांगायचं तर, 'सविनय निवेदन करतो की मी आपल्या नामवंत महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी असून माझे वडील प्रामाणिक व कष्टाळू आहेत...' असं करत करत पाणी शेवटच्या ओळीत आलं, आणि तो तिथवर पोहोचेपर्यंत तासाची घंटा झाली. बिचारा तहानलेलाच राहिला.

तेव्हा मी एकच नियम केला. कामाचं वाक्य पहिलं. काय हवंय, कुणाकडून हवंय, कधी हवंय. ते पहिल्या ओळीत नसेल तर चिठ्ठीवर लाल शाईने 'परत' असं लिहायचं आणि परत करायची. आता वर्गात परत गेलेल्या चिठ्ठ्यांचा नुसता खच पडतो.

अण्णांना सांग, रविवारी कॉलेजचं काम निघालं म्हणून फोन नाही. उत्तराची घाई नाही.

तुझी,
धाकटी


२८ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. पाचच ओळी, त्यातल्या दोन थेंबांच्या. राग अजून आहे, पण हात लिहिता झाला, हेही काही कमी नाही.

तू लिहितेस की अण्णांना माझं पत्र वाचून दाखवलंस तर ते म्हणाले, "धाकटी का रागावली आहे?" तू म्हणालीस रागावलेली नाही, उलट विनोद केलेत. त्यावर ते म्हणाले, "मग तू असं का वाचतेस?" हे वाचून मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. त्यांना दिसेनासं झाल्यापासून लेकीचं कागदावरचं बोलणं त्यांच्या काय कामाचं? त्यांना माणूस आवाजावरून कळतो. माझं पत्र तुझ्या आवाजात गेलं की ती तूच असतेस, मी नसतेच. तरी वाचत जा. जरा हळू वाच, आणि मी चेष्टा केली असेल तिथे थांब.

पुन्हा विचारतेस की फोनला काय झालंय, आणि दुरुस्त होण्यासारखं आहे की नाही. त्याचं चाललंय. माझा घसाही सध्या बसलाय. काळजीसारखं काही नाही.

त्यापेक्षा वर्गातली गंमत ऐक. आमच्या खोलीतला एक पंखा गेली कित्येक वर्षं बंद आहे. मी फळ्यावर लिहिलं, गाइड मिटा, हा पंखा चालू करा. सगळ्या वर्गाने मिळून ऑफिसला इंग्रजीत एक पत्र लिहायचं आणि ते खरोखर द्यायचं. पंखा फिरला तर सगळे पास.

पहिला खर्डा आला त्यात अर्धं पान कॉलेजची स्तुती. ते वाचून कुणालाही वाटलं असतं की या मुलांना कॉलेजचा सत्कार करायचा आहे. परत. दुसरा खर्डा पहिल्या बाकावरच्या मुलीने लिहिला. तिला सगळे वकील म्हणतात, कारण ती गुण कमी पडले की पुरावे घेऊन येते. तिने थेट धमकीच दिली होती की पंखा सुरू न झाल्यास पुढच्या परिणामांना आपण जबाबदार राहाल. मी समासात विचारलं, कुठले परिणाम? तिने खाली लिहिलं, 'अजून ठरलेले नाहीत.' तेही परत. तिसरा खर्डा मात्र नीट होता. काय बंद आहे, कधीपासून, त्याने काय अडतं, केव्हापर्यंत दुरुस्त हवं. चार वाक्यं, एक चूक नाही. मी खाली सही केली.

दोनच दिवसांत वायरमन शिडी घेऊन आला आणि शेजारच्या वर्गाचा पंखा दुरुस्त करून गेला. पत्रात पंखा होता, घाम होता, तारीख होती. खोलीचा नंबर कुणीच लिहिला नव्हता. माझ्यासकट. शेजारच्या वर्गातल्या मुलांनी आमच्या मुलांचे हात हातात घेऊन आभार मानले. मग आमच्या मुलांना दुसरं पत्र लिहावं लागलं, आधीच्या मदतीबद्दल धन्यवाद आणि आमची खोली पुढची आहे. ताई, आभार आणि तक्रार एका पत्रात कशी लिहायची हे कुठल्याच गाइडात नाही. तसं पत्र त्यांनी लिहिलं.

आणखी एक. प्रत्येक पत्राच्या शेवटी ही मुलं डोळे मिटून लिहितात, 'आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.' मी फळ्यावर विचारलं, खरंच पाहता का? पत्र टाकलं की तुम्ही खेळायला जाता. जो खरोखर वाट पाहणार असेल त्यानेच हे वाक्य लिहावं. पंख्याच्या दुसऱ्या पत्रात त्यांनी ते लिहिलं आणि दोघंजण रोज मधल्या सुट्टीत ऑफिसच्या दाराशी जाऊन उभे राहू लागले. ऑफिसातल्या बाई वैतागल्या आणि त्यांनीच वायरमनच्या मागे लकडा लावला. आता पंखा फिरतो. कुरकुरतो, पण फिरतो.

प्राचार्य व्हरांड्यातून जाताना थांबले आणि म्हणाले, "मॅडम, अख्ख्या कॉलेजात तुमचाच वर्ग शांत असतो. बाकीच्यांना जरा सांगा कसं करता ते." मी नुसती मान हलवली.

सवडीने लिही. गुडघ्याला शेक दे. ही सूचना आहे, कबूल.

तुझी,
धाकटी


१९ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. हे पत्र अण्णांना वाचून दाखवू नकोस. पुढचं पान तर मुळीच नको.

तू या खेपेला चांगलं दोन पानी लिहिलंस. वाटेत कुठेतरी तुझा राग सुटला आणि काळजी सुरू झाली, ते अक्षरावरून कळतं, काळजीत तुझ्या ओळी वर चढतात. तू सरळ विचारलं आहेस, 'तुझं माझ्याशी बोलायचं नाही असं ठरलंय का? तसं असेल तर तसं लिही, मी पुन्हा विचारणार नाही.'

तसं नाही. मला बोलताच येत नाही.

तो उन्हाळ्यापासून घोगरा झालेला आवाज आठवतो? तू म्हणायचीस, कोण बोलतंय, घरात पाहुणे आलेत का? मी हसण्यावारी नेत होते. आमच्या धंद्यात घसा बसणं म्हणजे सुताराच्या बोटात कुसळ जाणं. पण त्या रविवारी तुझं बोलून झालं आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आवाज आलाच नाही. तू म्हणत होतीस, "बोल की आता, गप्प का?" मी बोलत होते, ताई. तोंड हलत होतं, बाहेर नुसता वारा येत होता. तुझं 'हॅलो, हॅलो' ऐकवेना म्हणून मी फोन ठेवला. हळूच ठेवला. आपटला नव्हता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे. त्यांनी पूर्ण मौन सांगितलं, कुजबुजायचंही नाही, त्याने म्हणे आणखी ताण पडतो. म्हणून तो वर्गातला प्रयोग. मी मोठी प्रयोगशील शिक्षिका झाले असं तुला वाटलं असेल तर ते विसर. अडला हरी, दुसरं काय. मुलं शिकली हा माझा मोठेपणा नाही, त्यांना बोलायला कुणी उरलं नव्हतं एवढंच.

मौनाने गाठ जाईल अशी आशा होती. गेली नाही. सप्टेंबरच्या दोन तारखेला सकाळी ऑपरेशन आहे. गाठ कसली ते काढून तपासल्यावर कळेल. आवाजाचं विचारलं, म्हणजे पाटीवर लिहून विचारलं, तर बाई म्हणाल्या, "पूर्वीसारखा येईल, भरडा येईल किंवा फारसा येणार नाही. आत्ता तिन्हींतलं काही सांगितलं तर ते खोटं ठरेल." मला बाई आवडल्या. स्पष्ट बोलतात.

प्राचार्यांना कळवावं लागलं. ते भले आहेत, पण त्यांचाही इलाज नाही. आवाज आला नाही तर पुढच्या सत्रापासून मला परीक्षा विभागात बसावं लागेल. तिथे खिडकी आहे आणि एक कपाट आहे. मुलांना काही सांगितलेलं नाही. आज फळ्यावर एक सूचना लिहिली आणि निघून आले.

नोकरीचं होईल ते होईल. माझ्या मनात रात्रंदिवस एकच येतं. आवाज गेला तर अण्णांना मी उरणार नाही. तुला मी दिसेन, तुला मी लिहीन, पण त्यांच्यापाशी जाऊन बसले तर त्यांना कोण आलंय हे कळायचं कशावरून? मला याची भीती वाटते. ऑपरेशनची त्या मानाने कमी.

हे तुला आधीच कळवायला हवं होतं हे मला समजतं. पण तू नुकतीच म्हणाली होतीस की मी नुसते हुकूम सोडते आणि करायचं सगळं तुझ्या अंगावर पडतं. त्यावर मी लगेच काय लिहू, की माझंही कर? तुझा गुडघा तो तसा, अण्णा ते असे. शेजारच्या बाई चांगल्या आहेत, दवाखान्यात त्या येतो म्हणाल्यात. त्यामुळे काही अडायचं नाही. तू उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तू येण्याची गरज नाही.

अण्णांना काय सांगायचं ते तू ठरव.

तुझी,
धाकटी


२१ ऑगस्ट

ताई,

ऑपरेशनच्या दिवशी तू माझ्याजवळ हवी आहेस, एक तारखेला संध्याकाळपर्यंत ये.

परवाच्या पत्रातलं 'तू येण्याची गरज नाही' हे वाक्य खोडून टाक. ते खोटं आहे. शेजारच्या बाई चांगल्या आहेत, पण भूल देताना मला त्यांचा हात धरावासा वाटणार नाही.

हे मला परवा लिहायला जमलं नाही आणि आज का जमलं, ते सांगते. परवा मी फळ्यावर जी सूचना लिहिली ती अशी होती, 'काही वैयक्तिक अपरिहार्य कारणास्तव पुढील काही आठवडे हा वर्ग भरणार नाही, तरी संबंधितांनी नोंद घ्यावी.' काल कॉलेजात गेले तर टेबलावर एक कागद. वकीलने माझी सूचना स्वच्छ अक्षरात उतरवून काढली होती आणि तिच्यावर लाल शाईने खुणा केल्या होत्या, माझ्याच पद्धतीने. 'अपरिहार्य'खाली रेघ आणि समासात प्रश्न, म्हणजे काय? 'काही आठवडे'खाली रेघ, किती? 'संबंधितांनी'खाली रेघ, म्हणजे आम्हीच ना? आणि शेवटी, 'कामाचं वाक्य नाही. तुम्हाला आमच्याकडून काय हवंय ते कळत नाही. परत.' सगळं इंग्रजीत, एकही चूक नाही. खाली साऱ्या वर्गाच्या सह्या.

मला हसायचीही मनाई आहे. तशीच बसून राहिले आणि डोळ्यांतून पाणी काढलं, त्याला मनाई नाही. मग वर्गात जाऊन पुन्हा लिहिलं. माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. माझा आवाज कदाचित येणार नाही. मला तुमच्याकडून दर आठवड्याला प्रत्येकी एक पत्र हवंय. वर पंखा कुरकुरत होता. मागच्या बाकावरच्या त्या तहानलेल्या मुलाने चिठ्ठी आणून ठेवली. एकच ओळ, 'कुठल्या पत्त्यावर पाठवू?' खोलीच्या नंबरावरून ती मुलं एवढं तरी शिकली.

घरी आल्यावर माझं परवाचं पत्र आठवलं. चार पानं, आणि कामाचं वाक्य शेवटी, तेही उलटं लिहिलेलं. पहिल्याच तासाला मी ते परत केलं असतं.

तर आता नीट लिहिते. अण्णांकडे भावोजी राहतील, मी त्यांना मेसेज केला आहे, त्यांनी सारांश न करता हो म्हटलंय. रेल्वेने येऊ नकोस, जिन्यांनी गुडघा दुखेल, आमच्या भागात येणारी बस घे, पुढची खिडकीची जागा मिळेल. उतरशील तिथे मी उभी असेन. मला हाक मारू नकोस, मला उत्तर देता येणार नाही. नुसता हात वर कर.

आणि अण्णांना खरं सांग. डॉक्टरीणबाईंनी मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एकदाच, थोडं बोलायची परवानगी दिली आहे. तू पोचलीस की भावोजींना फोन लावू. अण्णांच्या कानाशी धरायला सांगू. मी दोन-तीन शब्दच बोलेन, जसे येतील तसे. भरडे आले तर तू त्यांना सांग की ही तीच आहे. तू सांगितलंस की त्यांना पटतं.

महिन्याभरापूर्वी मुलांना शिकवलं की पत्राच्या शेवटचं ते वाक्य उगीच लिहू नका. आज लिहिते.

वाट पाहते आहे.

धाकटी